स्वेटर कोणत्या खात्यात?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त खैरलांजी, जिल्हा बालाघाट, येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



न्यासाच्या महोत्सवात आम्हीही चार शब्द बोलावे असा निरोप आला, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही वक्ते नव्हे. आयुष्याची तीस वर्षे मुंबई आणि न्हावाशेवा येथे, परदेशाहून आलेला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या एका पेढीत कागद लिहिण्यात गेली. अशा माणसाने बोलावयाचे तरी कशावर? तेव्हा कार्यवाहांनी सांगितले, “काका, जे तुम्हांला ठाऊक आहे तेच बोला.” म्हणून आजचा विषय आम्ही घेतला आहे तो परदेशाहून येणाऱ्या विणीच्या कपड्यांचा, म्हणजे स्वेटर, गंजी, मोजे, मफलर यांचा, आणि जकातीच्या पुस्तकात त्यांची नोंद कोणत्या खात्यात होते याचा.

आपणांस वाटेल, धर्मादाय न्यासाच्या व्यासपीठावर जकातीचे काय काम? त्याचे कारण आहे. आपला न्यास दरवर्षी पौष लागण्यापूर्वी शाळकरी मुलांना स्वेटर वाटतो. वैनगंगेच्या खोऱ्यातली थंडी ज्याने पहाटे धानाच्या बांध्यावर उभे राहून सोसली आहे, त्याला या कामाचे मोल वेगळे सांगावयास नको. यंदा महोत्सवाचे वर्ष म्हणून परदेशी राहणाऱ्या आपल्या काही कुटुंबांनी प्रेमाने कळविले आहे, “आम्ही इकडे स्वेटर गोळा करतो आणि पेट्या भरून पाठवितो.” विश्वस्तांत यावर दोन मते आहेत. निर्णय आज सायंकाळच्या सभेत व्हावयाचा आहे. त्यापूर्वी आम्हांस जे ठाऊक आहे ते, आणि आमच्या हातून पूर्वी जे घडले ते, आपणांपुढे ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रथम जकातीचे पुस्तक म्हणजे काय ते पाहू. देशात माल येतो तेव्हा त्यावर कर किती घ्यावयाचा, तो माल मोकळा आणता येतो की परवाना लागतो, हे सारे त्या मालाच्या क्रमांकावरून ठरते. हा क्रमांक आपल्या सरकारने एकट्याने बसविलेला नाही. ब्रुसेल्स येथे जागतिक सीमाशुल्क संघटना आहे. तिची यादी १ जानेवारी १९८८ पासून अंमलात आली आणि आज दोनशेहून अधिक देश व प्रदेश तीच वापरतात. भारताने ही पद्धत १९८६ मध्येच आपल्या १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यात घेतली होती. पहिले सहा अंक सर्व जगात एक आणि पुढचे दोन आपल्या देशाचे, असा आपला आठ अंकी क्रमांक बनतो.

हा क्रमांक फार दूरचा आहे असे समजू नका. आपल्यापैकी ज्यांची कापडाची दुकाने आहेत त्यांनी घरी गेल्यावर नागपूरच्या गांधीबाग किंवा इतवारीतून आलेल्या मालाचे बिल काढून पाहावे. त्यावर ‘एचएसएन’ असे लिहून पुढे चार किंवा सहा अंक असतात. टी-शर्टापुढे ६१०९, स्वेटरापुढे ६११०, मोज्यांपुढे ६११५. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी सुरू झाला तेव्हा सरकारने बंदरावरचेच क्रमांक बाजारात आणले. न्हावाशेव्याच्या धक्क्यावर जो आकडा चालतो तोच खैरलांजीच्या बिलावर चालतो. आम्ही तीस वर्षे ज्या आकड्यांशी झगडलो ते आमच्या आधीच गावी पोहोचलेले पाहून आम्हांस गंमत वाटली.

आता मूळ प्रश्न: विणीचा कपडा कशास म्हणावे? येथे आपली मराठी भाषा थोडी अडचण करते. आपण स्वेटर ‘विणतो’ म्हणतो आणि लुगडेही ‘विणतो’ म्हणतो. जकातीच्या पुस्तकात मात्र या दोन विणी अगदी वेगळ्या आहेत. वारासिवनीचा हातमाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की मागावर ताणा उभा असतो आणि धोट्याने बाणा आडवा जातो. दोन धागे एकमेकांस काटकोनात ओलांडतात, म्हणून ते कापड ताणत नाही. सुयांवरचे काम तसे नाही. तेथे एकच धागा फासा घेतो, त्या फाशातून पुढचा फासा निघतो, आणि अशी फाशांची साखळी बनत जाते. म्हणून स्वेटर ओढला की ताणतो, सोडला की पूर्ववत होतो, आणि एक टाका तुटला की ओळच्या ओळ उसवते. गंजी आणि मोजे यंत्रावर बनतात, पण त्यांचीही जात हीच. आकडीवरचे क्रोशाकामही याच घरचे.

या एका भेदावर पुस्तकाची दोन प्रकरणे उभी आहेत. सुईच्या किंवा आकडीच्या विणीचे तयार कपडे ६१ व्या प्रकरणात, आणि मागावरच्या कापडाचे शिवलेले कपडे ६२ व्या प्रकरणात. सूत तेच, रंग तोच, शिवणही तीच असो. पाहणारा अधिकारी प्रथम भिंग लावून फासा आहे की ताणाबाणा आहे एवढेच पाहतो. भगिनींना एक गोष्ट सांगतो. साडी या दोन्ही प्रकरणांत नाही. ती कापून शिवलेली नसल्यामुळे ती कापडातच मोजली जाते, आणि रेशमी साडी तर थेट ५० व्या प्रकरणात, रेशमाच्या कापडात जाते. आपण जिला पोशाखाची राणी मानतो तिला पुस्तक पोशाखच म्हणत नाही!

प्रकरण ठरले की पुढे खाते ठरवावयाचे. ६१ व्या प्रकरणात ओव्हरकोटापासून मफलरीपर्यंत सतरा खाती आहेत. ती नुसती नावे वाचून लावता येत नाहीत. पुस्तकाचा पहिलाच नियम असा की प्रकरणाचे मथळे केवळ सोयीसाठी आहेत. निर्णय करावयाचा तो खात्याच्या शब्दांवरून आणि प्रकरणाच्या आरंभी दिलेल्या टीपांवरून. या टीपा वाचल्यावर आम्हांस नेहमी वाटत आले की त्या लिहिणाऱ्यांच्या घरी एखादी विणकामात तरबेज आजी असली पाहिजे.

उदाहरण घ्या. पुरुषांचा विणीचा सदरा ६१०५ मध्ये आणि बायकांचा ब्लाउज ६१०६ मध्ये. परंतु त्या कपड्याला कमरेखाली खिसा असेल, किंवा खालच्या कडेला दोन सुलट दोन उलट घालून केलेली आवळ पट्टी असेल, तर तो सदरा राहत नाही. तसेच किमान दहा सेंटिमीटर लांब व दहा रुंद इतका भाग घेऊन टाके मोजावे, आणि सरासरीने एका सेंटिमीटरात दहांहून कमी टाके भरले तर तोही सदरा नव्हे. अशी वीण जाड आणि विरळ, म्हणून ती बहुधा ६११० मध्ये, स्वेटर-जर्सीच्या पंक्तीत जाऊन बसते. आम्ही स्वतः पट्टी आणि टाचणी घेऊन टाके मोजीत बसलेले अधिकारी पाहिले आहेत. एक एक टाका मोजताना ते पाहून हसू येई. परंतु त्या मोजणीवर लाखो रुपयांच्या मालाचा कर फिरत असे.

मुलांचे कपडे घ्या. आपण ‘बाळाचा स्वेटर’ म्हणतो तेव्हा वय डोळ्यांपुढे असते. पुस्तक वय विचारीत नाही, उंची विचारते. ज्या बालकाच्या अंगाची उंची ८६ सेंटिमीटरांपर्यंत आहे त्याचे कपडे ६१११ मध्ये. त्यावर गेले की मोठ्यांच्या खात्यात. आणि कपडा पुरुषाचा की बाईचा हे कसे ठरवावे? पुढून उघडणाऱ्या कपड्यात डावी बाजू उजवीवर आली तर पुरुषाचा, उजवी डावीवर आली तर स्त्रीचा. आणि काहीच ओळखता आले नाही तर तो स्त्रियांच्या खात्यात घालावा अशी स्पष्ट टीप आहे. संशयाचा फायदा कोणास मिळतो ते आपणच ठरवा!

मग प्रश्न येतो धाग्याचा. बाजारात आपण सगळ्याच उबदार कपड्यांना ‘लोकरीचे’ म्हणतो. वस्तुतः खेड्याच्या बाजारात येणारे बहुतेक स्वेटर ॲक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. ६११० या खात्याला पोटखाती आहेत: लोकरीचे वेगळे, काश्मिरी बकरीच्या केसांचे वेगळे, सुती वेगळे, कृत्रिम धाग्याचे वेगळे. मिश्र धागा असेल तर वजनाने जो अधिक त्याचा सारा कपडा मानावा असा नियम आहे. शंभरात साठ भाग ॲक्रिलिक आणि चाळीस भाग लोकर असलेला स्वेटर पुस्तकाच्या दृष्टीने ॲक्रिलिकचाच. गळ्याजवळ मेंढीचे चित्र असले म्हणून तो लोकरीचा होत नाही.

नियम इतके काटेकोर असूनही तंटे होतातच. अमेरिकेत ‘स्नगी’ नावाची एक वस्तू निघाली. पॉलिएस्टरच्या केसाळ, विणीच्या कापडाची मोठी पासोडी, तिला पुढून हात घालण्यासाठी बाह्या, आणि पाठ उघडी. गारठ्यात बसून पुस्तक वाचावे आणि हात झाकलेले राहावे, एवढाच तिचा उपयोग. तिकडच्या कस्टमने म्हटले, बाह्या आहेत, अंगावर घेतात, म्हणून हा पोशाख, कर १४.९ टक्के. व्यापाऱ्याने म्हटले, ही चादर आहे, कर ८.५ टक्के. भांडण आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की बाह्या असल्या तरी ही पासोडीच आहे. बाह्या आहेत एवढ्यावरून पोशाख होत नाही. वस्तूचा उपयोग कोणता आणि ती बनविली कशासाठी, हे पाहावे लागते.

इतके सूक्ष्म भेद सरकार कशासाठी पाळते, असे कोणी विचारील. कापडावरच्या करात गरिबाची भाकरी गुंतलेली असते, हा आपल्या देशाचा जुना अनुभव आहे. १८९६ मध्ये इंग्रज सरकारने परदेशी सुती कापडावर साडेतीन टक्के आयात जकात ठेवली आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे समाधान व्हावे म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर बसविला. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती; तिच्या कापडावरही तो बसला. हा कर देशातून जावयास पुढे जवळजवळ तीस वर्षे लागली. एका शब्दाच्या, एका खात्याच्या आड कोणाचा धंदा उभा राहतो आणि कोणाचा बसतो, हे तेव्हापासून आपण पाहत आहोत.

आजही तेच आहे. आपल्या देशात लुधियाना आणि तिरुपूर येथे लक्षावधी माणसे होजिअरीवर जगतात. १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील आयातीचे निर्बंध उठले तेव्हा तयार कपड्यांचीही वाट मोकळी झाली, आणि रक्षण काय ते जकातीपुरते उरले. पुढे फारच स्वस्त किंमत दाखवून माल येऊ लागला, तेव्हा फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात विणीच्या कापडाच्या नऊ क्रमांकांवर ‘वीस टक्के किंवा किलोला ११५ रुपये, जे अधिक असेल ते’ असा कर ठरविण्यात आला. त्याच वर्षी १७ मे रोजी हुकूम निघाला की बांगलादेशाचे तयार कपडे जमिनीच्या मार्गाने न येता न्हावाशेवा आणि कोलकाता या दोन बंदरांतूनच यावे. यावरून ध्यानात येईल की क्रमांक चुकविणे म्हणजे केवळ कागदावरचा घोटाळा नव्हे. कोणा होजिअरी कामगाराच्या मजुरीवर तो घाव असतो.

आता आम्ही त्या गोष्टीकडे येतो जी सांगण्यासाठी खरे म्हणजे उभे राहिलो आहोत.

२०१४ साली आपल्या न्यासाला परदेशातील आप्तांनी असेच स्वेटर पाठविले होते. जुन्या सभासदांना आठवत असेल की त्या वर्षी वाटप झाले नाही. अहवालात ‘काही अडचणींमुळे’ एवढेच छापले गेले. त्या अडचणीचे नाव आम्ही आज सांगतो. ती अडचण म्हणजे आम्ही स्वतः होतो.

त्या वेळी आम्ही नुकतेच निवृत्त होऊन गावी आलो होतो. न्यासाने विश्वासाने विचारले, “कागदावर काय लिहावे?” आम्ही माल न पाहता, यादी न मागता, तीस वर्षांच्या अनुभवाच्या ऐटीत फोनवर सांगितले, “लोकरीचे कपडे, धर्मादाय, असे लिहा. पुढचे आम्ही पाहून घेऊ.” माल नऊ पोत्यांत आला. पोती उघडली तेव्हा त्यांत काय निघावे? काही नवे स्वेटर दुकानाच्या चिठ्ठीसकट, पुष्कळसे वापरलेले, कोपर झिजलेले आणि गळा सैल झालेले. बाळांची टोपडी, सुती टी-शर्ट, मोजे, शिवाय मागावरच्या कापडाचे दोन-चार कोट. लोकरीचे म्हणावे असे थोडेच. आम्ही लिहविलेल्या शब्दांपैकी ‘कपडे’ हा एक शब्द तेवढा खरा ठरला.

वापरलेल्या कपड्यांचे खाते वेगळे आहे. ते ६१ मध्येही नाही आणि ६२ मध्येही नाही. ते ६३ व्या प्रकरणात, ६३०९ मध्ये आहे. त्याच्या दोन अटी: कपड्यावर वापराच्या खुणा स्पष्ट दिसल्या पाहिजेत, आणि माल मोकळा ढिगाने किंवा गाठी, पोती यांसारख्या बांधणीत आलेला असला पाहिजे. आपल्या मालाला दोन्ही अटी तंतोतंत लागू झाल्या. आणि ६३०९ चा माल परवान्यावाचून देशात आणता येत नाही. यालाही कारण आहे. जुन्या कपड्यांच्या नावाखाली चांगले कपडे येऊन बाजारात विकले जातात. म्हणूनच चिंध्या म्हणून जे लोकरी कपडे पानिपतच्या कारखान्यांसाठी येतात ते आधी कापून निकामी केलेले असावे लागतात. आपल्यापाशी परवाना नव्हता. परवान्याची कल्पनाही नव्हती. आणि ज्याला असावयास हवी होती, तो मनुष्य येथे आपल्यापुढे उभा आहे.

माल गोदामात पडून राहिला. दर आठवड्यास भाडे चढत गेले. आम्ही दोनदा मुंबईस गेलो, जुन्या ओळखी काढल्या, परंतु ज्या अधिकाऱ्यासमोर बसलो त्याने अत्यंत सौजन्याने विचारले, “काका, तुम्ही तीस वर्षे हेच काम केले, मग यादी का केली नाही?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. दंड आणि भाडे मिळून रक्कम मालाच्या मोलाहून अधिक झाली, आणि माल सोडविणे न्यासाला परवडण्यासारखे राहिले नाही. तोपर्यंत माघ सरला होता. त्या भरवशावर न्यासाने स्वेटरांची नेहमीची खरेदीही केली नव्हती. त्या वर्षी मुले थंडीत तशीच शाळेत आली. त्यांपैकी काही आज या मांडवात तरुण होऊन बसली असतील. त्यांची आम्ही क्षमा मागतो.

कस्टमने आपल्यावर अन्याय केला असे त्या वेळी गावात बोलले गेले आणि आम्ही ते बोलू दिले. ते खरे नव्हते. जकातीचे पुस्तक देणाऱ्याची दानत पाहत नाही, घेणाऱ्याची गरज पाहत नाही. ते फक्त वस्तू पाहते. फासा आहे की ताणाबाणा, धागा कोणता, टाके किती, उंची केवढी, नवे की जुने. हे कठोर वाटते, पण पुस्तक तसे नसते तर ‘धर्मादाय’ हा शब्द लिहून कोणीही काहीही आणले असते, आणि मग आपल्यासारख्या खऱ्या न्यासांवर कोणी विश्वास ठेवला नसता. दानातली वस्तूसुद्धा खऱ्या नावाने सांगावी लागते. आमच्याकडून तेवढेच झाले नाही.

म्हणून यंदाच्या प्रस्तावाविषयी आमचे स्पष्ट मत असे आहे. परदेशातून वापरलेले कपडे कदापि मागवू नयेत. नवे पाठवावयाचे म्हटले तरी त्यावर कर द्यावाच लागेल. टपालाने किंवा कुरियरने ‘भेट’ म्हणून वस्तू आणण्याची सवलत १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने बंद झाली. राखी आणि जीव वाचविणारी औषधे एवढाच अपवाद ठेवला. मावशीने न्यू जर्सीहून पाठविलेल्या भाच्याच्या स्वेटरालाही पूर्ण कर भरून यावे लागते. धर्मादाय कामासाठी सवलतीच्या तरतुदी असतात, परंतु त्यांच्या अटी आधी वाचून, आधी पूर्ण करून मग माल निघाला पाहिजे. माल निघाल्यावर अटी वाचणे म्हणजे पूर आल्यावर बांध घालणे होय. एखाद्या वस्तूच्या क्रमांकाविषयी खरोखर संशय असेल तर मुंबई आणि दिल्ली येथील आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे आधी अर्ज करण्याची सोय आहे, हेही सांगून ठेवतो.

आणखी एक गोष्ट विश्वस्तांनी ध्यानात ठेवावी. परदेशी देणगीच्या २०१० च्या कायद्यात देणगी म्हणजे केवळ पैसा नव्हे, वस्तूही येते. देणारा भारताचा नागरिक राहून परदेशी नोकरी करीत असेल आणि आपल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत रक्कम पाठवीत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. परंतु ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले आहे तो कितीही आपला असला, घरी अजून मराठी किंवा पोवारी बोलत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्याची देणगी परदेशी होय, आणि ती घेण्यास न्यासाची रीतसर नोंदणी किंवा परवानगी लागते. आप्तांनाही अशी खाती लावावी लागतात याचे वाईट वाटते. परंतु ती लावलीच पाहिजेत.

मग करावे काय? आमची सूचना साधी आहे. जे आप्त भारताचे नागरिक आहेत त्यांनी बँकेमार्फत रक्कम पाठवावी, आणि जे नाहीत त्यांना हिशेबनिसांचा सल्ला घेऊन खरी स्थिती प्रेमाने कळवावी. येथील सभासदांनी नेहमीप्रमाणे वर्गणी द्यावी. शाळेत जाऊन मुलांची मापे घ्यावी, कारण मागील खेपेस मापे न घेता आणलेले स्वेटर कोणाच्या गुडघ्यापर्यंत तर कोणाच्या बेंबीपर्यंत आले होते हे आपण पाहिले आहे. नागपूरच्या ठोक बाजारातून लुधियान्याचा देशी माल घ्यावा. बिल पक्के घ्यावे, त्यावर ६११० हा क्रमांक आहे का पाहावे, आणि आतल्या चिठ्ठीवर धागा कोणता लिहिला आहे ते वाचावे. ॲक्रिलिकचा स्वेटर घेण्यात कमीपणा नाही. तो धुवावयास सोपा आणि मुलांच्या अंगावर टिकाऊ असतो. मात्र तो ॲक्रिलिकचा म्हणूनच घ्यावा आणि त्याचेच पैसे द्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर पाच टक्के कर आहे. तो भरून घेतलेल्या पक्क्या बिलाला कोणी बोट लावणार नाही.

भगिनींनाही एक विनंती आहे. पूर्वी आपल्याकडे थंडीच्या दुपारी ओसरीवर सुया चालत असत. ती कला अजून पुष्कळ घरांत आहे. प्रत्येक घराने एका मुलासाठी टोपी किंवा मफलर विणून दिली, तर बाजारातला स्वेटर आणि घरची ऊब दोन्ही त्या मुलास मिळतील. त्या मफलरीला जकात नाही, बिल नाही. तिचे खाते विचाराल तर आम्ही सांगू, ६११७. परंतु तो आमचा जुना नाद झाला.

सभेचा बराच वेळ घेतला. ज्या न्यासाने आमच्या चुकीनंतरही आम्हांस या व्यासपीठावर बोलाविले, त्याचे उपकार शब्दांत सांगणे कठीण आहे. यंदा पौषातल्या पहाटे शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांकडे आम्ही पाहू, तेव्हा प्रत्येकाच्या अंगावर स्वेटर असावा, आणि त्याची पावती न्यासाच्या दप्तरात असावी, एवढीच आमची इच्छा आहे. त्या खरेदीची यादी या खेपेस आम्ही स्वतः, वस्तू डोळ्यांनी पाहून, लिहून देऊ.